लाल फुल्यांचा रस्ता

सतीश ओव्हाळ रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. म्हणजे दुसऱ्यांनी घाम गाळून बनवलेल्या वस्तू हातात घ्यायच्या, उलटसुलट करून बघायच्या आणि त्यांत खोट काढायची. याबद्दल त्याला दर महिन्याला पगार मिळे. अकरा वर्षांत एक वाकडा बोल्ट त्याच्या नजरेतून सुटला नव्हता. असा माणूस स्वतःसाठी घर घेणार म्हटल्यावर ते केवढं चोख असेल, असं कुणालाही वाटेल. त्याचा मित्र नवनाथ ते घर बघून म्हणाला, "सत्या, हे तू विकत घेतलंस का तुला कुणी शिक्षा म्हणून दिलं?"

शिरूरहून दौंडकडे जाताना फाट्यावरून आत वळलं की बोरजाईवाडी लागते. तिथं गावठाणात सर्जेरावांचं हे चार खोल्यांचं दगडमातीचं घर. मागच्या भिंतीला चांगलं सातव्या महिन्याचं पोट आलेलं. दाराला कुलूप होतं, आणि कुलपाच्या शेजारीच माणूस न वाकता आत जाईल एवढं भगदाड होतं. तरी सर्जेरावांनी किल्ली मोठ्या समारंभाने सतीशच्या हातात ठेवली. सतीशची बायको माया सरळ स्वयंपाकघरात गेली, पडलेल्या भिंतीतून बाहेर बघत उभी राहिली आणि म्हणाली, "इथं खिडकी." खिडकी तशी तयारच होती, फक्त तिच्याभोवती भिंत बांधायची राहिली होती.

आता हे घर सतीशने का घेतलं, ते सांगायला हवं, नाहीतर तो मूर्ख वाटेल. कारेगावात अकरा वर्षांत त्यांनी चार खोल्या बदलल्या होत्या. खोली बघायला गेलं की मालक आधी कंपनी विचारायचा, मग पगार, आणि मग अगदी सहज, तंबाखू मळता मळता, "पूर्ण नाव काय म्हणालात?" पूर्ण नाव सांगितलं की निम्म्या खोल्या कालच गेलेल्या असायच्या. ज्या मिळायच्या त्यांत भिंतीला खिळा मारायची बंदी, म्हणून बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो फ्रीजवर टेकवून ठेवलेला. सर्जेरावांनीही पूर्ण नाव विचारलं. सतीशने सांगितलं आणि सवयीने चपला शोधायला लागला. सर्जेराव म्हणाले, "ओव्हाळ व्हय? बरं. तीन वर्साची घरपट्टी थकलीया, ती तुमी भरायची." या एका वाक्यावर सतीशने घर पसंत केलं. भिंती त्याने नंतर बघितल्या.

विसार दिला, पावती झाली, आणि खरेदीखताआधी बँकेने खोडा घातला. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर या घराची नोंद 'गोठा' अशी होती. सर्जेरावांच्या वडिलांनी घरपट्टी वाचवायला चाळीस वर्षांपूर्वी ती तशी करून घेतली होती. बँकेचा साहेब अतिशय नम्रपणे म्हणाला, "गोठ्याला गृहकर्ज बसत नाही हो." सतीश ग्रामसेवकाकडे गेला. ग्रामसेवक म्हणाले, नोंद बदलायला काहीच हरकत नाही, अर्जाला घराचा फोटो जोडा. सतीशने जोडला. त्यांनी तो जवळून बघितला, लांबून बघितला, आणि म्हणाले, "ओव्हाळ, आहे ती नोंदच बरोबर वाटतीय मला." सतीश त्या दिवशी जेवला नाही. घराला कुणी नावं ठेवली तर चालेल, पण सरकारी माणसाने प्रामाणिकपणे ठेवली की फार लागतं.

नोंद अडली तरी किल्ली हातात होती. तेव्हा दुरुस्तीचा आराखडा तरी तयार करू, असं त्याने ठरवलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. भिंतीला भिंत लागून पुतळाबाईंचं घर. त्या सर्जेरावांच्या लांबच्या चुलती, वय सत्तरीच्या पुढे, एकट्या राहणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मायाला विचारलं होतं, "कुणाच्या तुमी?" मायाने नाव, गाव, सगळं सांगितलं. पुतळाबाई म्हणाल्या, "हं." या 'हं'चा अर्थ माया पुढे पंधरा दिवस लावत होती. पुतळाबाई कधी उंबरा ओलांडून आल्या नाहीत, पण आपल्या पायरीवर लसूण सोलत त्यांचा सल्ला चालू असे. "पत्रा नका टाकू, भाजून निघाल. स्लॅब नका टाकू, गळतुय. कौलं आता मिळत न्हाईत." मग वर टाकायचं तरी काय, हे त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. समोरच्या विक्रमकडे स्वतःचा जेसीबी होता, त्यामुळे त्याचा सल्ला सुटसुटीत होता. "भाऊ, पाडा. एक तास लागंल."

सतीशला असला अंदाजपंचे कारभार पसंत नव्हता. कंपनीत कशी पद्धत असते! जे ठेवायचं त्यावर हिरवी खूण, जे काढायचं त्यावर लाल फुली आणि नंबर, आणि सगळ्याचा एक तक्ता. एका रविवारी तो नवनाथला घेऊन आला. नवनाथ मेंटेनन्सला होता. त्याने भिंत किती कलली आहे ते दाखवणारं लेसरचं यंत्र आणलं होतं, तीन पायांच्या स्टँडवर उभं राहणारं. आत विंचू असतील म्हणून दोघांनी सेफ्टी बूट, पिवळी हेल्मेटं आणि चमकणाऱ्या पट्ट्यांची नारिंगी जाकिटं घातली. पुढची भिंत तीन मीटर मागे घेऊन पोर्च काढायचा मायाचा बेत होता. म्हणून सतीशने त्या भिंतीवर तेलरंगाने ठसठशीत फुल्या मारल्या, आर-१ पासून आर-७ पर्यंत. आर म्हणजे कंपनीतलं 'रिजेक्ट'. विजेची तार खांबावरून कशी आणायची ते कळावं म्हणून शेवटी एक बाण काढला. बाणाचं टोक पुतळाबाईंच्या घराकडे होतं. त्या पायरीवरून सगळं बघत होत्या. त्या दिवशी त्यांनी एकही सल्ला दिला नाही, आणि सतीशला हा आपल्या पद्धतशीर कामाचा परिणाम वाटला.

परिणाम झालाच होता. आसपासच्या गावांत कुठं ना कुठं रस्त्याची मोजणी झालेली. तीन पायांचं यंत्र, नारिंगी जाकीट आणि घरावर लाल फुली यांचा एकत्र अर्थ काय, ते बोरजाईवाडीत बालवाडीतलं पोरही सांगेल. फक्त सतीशला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट संपवून तो आला, तर विक्रम त्याच्यासाठी खुर्ची मांडून बसलेला.

"बसा साहेब." कालपर्यंत सतीश 'भाऊ' होता. "किती मीटर जातंय?"

"तीन." आपल्या पोर्चमध्ये कुणीतरी रस घेतंय, याचा सतीशला आनंद झाला.

"दोन्ही बाजूंनी?"

"छे. एकाच बाजूनं."

"म्हंजी आमची बाजू वाचली," विक्रम खिन्न होऊन म्हणाला. "पर पक्कं हाय का?"

"पक्कं म्हणजे? मंजूरच झालंय," सतीश म्हणाला. मायाने कालच मंजूर केलं होतं.

संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतीशच्या भिंतीचा फोटो आला. जेवणं होईपर्यंत रस्ता चारपदरी झाला, सकाळच्या चहाला सहापदरी. आणि मग गावाने जे हातपाय हलवले, तसे ग्रामस्वच्छतेच्या वेळी हलवले असते तर राज्यात पहिला नंबर आला असता. रस्त्यात जे जातं त्याची भरपाई मिळते, म्हणून रस्त्यात काहीतरी असलं पाहिजे. मोकळ्या जागेत वीत-वीत अंतरावर आंब्याची रोपं लागली. एकाने नुसताच पाइप जमिनीत खोचून त्यावर 'बोअरवेल' अशी पाटी लावली. विक्रमने आपली बाजू वाचल्याचं दुःख बाजूला सारून या बाजूच्या पडीक तुकड्यावर चार पत्रे उभे केले आणि त्यांना 'हॉटेल' म्हणायला सुरुवात केली. गावातल्या दुकानात लाल रंग संपला. आर-८ पोल्ट्रीवर उमटली, आर-९ शाळेमागच्या गोठ्यावर, आणि आर-१० तर एकाच दिवशी तीन घरांवर.

सतीशला खरा प्रकार कळला तो एक म्हातारबाबा भेटायला आले तेव्हा. त्यांनी पिशवीभर शेवगा पुढे ठेवला आणि अदबीने विचारलं, "साहेब, रस्ता वाईच डावीकडं घेतला तर आमचा संडास बसंल का त्यात?"

सतीशने कपाळाला हात लावला. मग तो दारोदार जाऊन सांगत फिरला की अहो, फुल्या माझ्या आहेत, घराच्या दुरुस्तीसाठी आहेत, मी साधा कंपनीत आहे. लोक डोळे मिचकावून म्हणाले, "व्हय की. आता रस्ते समदे कंपनीच करती." खरं बोलणाऱ्याचा इतका आदर त्याने कधी पाहिला नव्हता. आणि इथं कबूल केलं पाहिजे की त्या आदराने तो थोडा सैलावला. माणूस अकरा वर्षं कारेगावात 'ए रूमवाल्या' असतो, त्याला चार दिवस कुणी 'साहेब' म्हणून शेवगा दिला तर तो काही दगड नसतो.

शिवाय एक फायदाही झाला. ग्रामसेवकांनी स्वतः फोन करून सांगितलं, "ओव्हाळ, नोंद बदलली. रस्त्यात जाणाऱ्या घराला गोठा म्हणून कसं चालेल? गावाची भरपाई कमी व्हायची." बँकेने कर्ज मंजूर केलं. खरेदीखताची तारीख मिळाली. मायाने खिडकीचं माप घेतलं.

आणि सर्जेराव गायब झाले. फोन बंद. घरी विचारलं तर, "दौंडला लेकीकडं गेलेत." कधी येतील? "तब्येतीवर हाय."

माया त्या संध्याकाळी भाकरी थापताना एवढंच म्हणाली, "कुणीतरी कान भरले असतील त्यांचे." कशाबद्दल, ते सतीशने विचारलं नाही. खिडकीच्या मापाचा कागद तिने घडी करून पिठाच्या डब्याखाली सारला. भिंत पडली तर बांधता येते, पण बाईने एकदा हौस घडी घालून ठेवली की ती पुन्हा उलगडायला वर्षं जातात, हे त्याला चार खोल्यांच्या अनुभवाने ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोघं मोटारसायकलवर दौंडला गेली. सर्जेरावांची लेक सविता स्टेशनजवळ राहायची. सर्जेराव भर दुपारी चादर गळ्यापर्यंत ओढून पलंगावर पडले होते. सतीशला बघताच त्यांनी कण्हायला सुरुवात केली.

"आबा, कण्हू नका, खरं सांगा," माया उभ्यानेच म्हणाली. "आमच्या नावाची अडचण असेल तर तसं तोंडावर बोला. आम्हाला काही नवीन नाही. विसार परत द्या, आम्ही जातो."

सर्जेराव ताडकन उठून बसले. "नावाची? कसल्या नावाची? अगं पोरी, घरावरनं रस्ता जातुय! सहापदरी! आज तुमाला लिहून दिलं तर समदी भरपाई तुमाला. मी काय येडा हाय व्हय?"

माया बघतच राहिली. "म्हणजे पैशासाठी अडवलंय?"

"मग कशापायी?"

"नुसतं पैशासाठी?" सतीशने खात्री करून घेतली.

"व्हय!" सर्जेराव ओरडले. "सांगायला लाज न्हाई वाटत मला!"

माया खाली बसली आणि हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सतीशलाही आवरेना. धक्क्याने दोघांच्या डोक्यावर परिणाम झाला, असं समजून सविता पाण्याचा तांब्या घेऊन धावली. समोरचा माणूस फक्त लोभी आहे, एवढं कळल्याचा आनंद त्यांच्याइतका कुणाला झाला नसेल. सविताने आग्रह केला तशी दोघं जेवायला बसली, आणि सतीशने आपल्याला अडवणाऱ्या माणसाच्या ताटात स्वतःच्या हाताने वांग्याची भाजी वाढली.

जेवण झाल्यावर त्याने शपथेवर सांगितलं की रस्ता वगैरे काही नाही. सर्जेराव ढेकर देऊन म्हणाले, "कागद आना. रस्ता न्हाई असा सरकारी कागद आना, त्याच दिशी सही करतो."

सतीश तलाठ्याकडे, म्हणजे गावाच्या भाऊसाहेबांकडे गेला. भाऊसाहेब म्हणाले, "रस्ता असेल तर दाखला देतो. नसलेल्या रस्त्याचा दाखला कोणत्या नमुन्यात देऊ?" मग रस्त्यांच्या ऑफिसात गेला. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला आणि परत दिला, कारण 'रस्त्याचा क्रमांक' हा रकाना मोकळा होता. रस्ता नाहीच तर क्रमांक कुठून आणू, असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "मग अर्ज अपूर्ण आहे." वैतागून त्याने येऊन आपल्या फुल्या रॉकेलने पुसल्या. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की ओव्हाळसाहेबांनी वर पैसे चारून स्वतःचं घर वाचवलं आणि रस्ता विक्रमच्या हॉटेलावर ढकलला. विक्रम येऊन पाया पडून गेला.

तोवर भरपाईचे सव्वीस अर्ज तालुक्याला पोचले होते. वरून विचारणा आली, आणि भाऊसाहेबांना गावात येऊन पंचनामा करावा लागला. ग्रामपंचायतीसमोर सगळा गाव जमला. या फुल्या कुणाच्या, असं विचारल्यावर प्रत्येकाने "सरकारच्या" म्हणून सांगितलं. सतीशला वाटलं, गप्प राहावं. साहेब म्हणून मान आहे, तो राहील. मग त्याला पिठाचा डबा आठवला. तो उठला, खिशातून आपला तक्ता काढला आणि भर सभेत वाचायला लागला. "आर-१, पुढची भिंत, मागे घेणे, पोर्चसाठी. आर-२, तीच भिंत, उंदरांचं बीळ आहे. आर-३, कोनाडा, माया म्हणते काढा. आर-४, माया म्हणते विचार करू..." आर-५ पर्यंत गाव हसत होतं. आर-७ येईपर्यंत आपल्या आंब्यांचं, बोअरचं आणि हॉटेलाचं काय झालं, ते एकेकाच्या ध्यानात यायला लागलं. भाऊसाहेबांनी लिहिलं, 'सदर फुल्या खासगी व कौटुंबिक स्वरूपाच्या असून कोणत्याही रस्त्याशी त्यांचा संबंध नाही.' खाली शिक्का मारला. सर्जेरावांना हवा होता तो सरकारी कागद तयार झाला.

पण 'साहेब' गेलं आणि 'भाऊ'ही परत आलं नाही. लोक त्याला बघून दुसरीकडे बघायला लागले. पुतळाबाई तेवढ्या पायरीवरून बोलल्या. "तुमच्या त्या बाणापायी आठ दिस माझ्या घशाखाली घास उतरला न्हाई. ह्या वयात घर गेलं असतं तर कुठं गेले असते मी?" सतीशने हात जोडले. त्यांनी तोंड फिरवलं.

खरेदीखताच्या दिवशी शिरूरच्या रजिस्टर ऑफिसात सर्जेराव पंचनाम्याची प्रत उरी धरून वेळेच्या आधी हजर. आता त्यांना घाई होती. त्यांच्या जीपमधून पुतळाबाईही आल्या होत्या, चष्म्याची काडी बदलायला. ओळख पटवायला दोन माणसं लागतात, त्यातला नवनाथ आला. दुसरा विक्रम यायचा होता. त्याचा ऐन वेळी निरोप आला की हॉटेल मोडायचं काम निघालंय.

"दोन्ही पक्षांना ओळखणारा दुसरा माणूस आणा," कारकून म्हणाला, "नाहीतर पुढची तारीख घ्या."

सर्जेराव घाबरे झाले. इकडेतिकडे बघता बघता त्यांची नजर बाकावर गेली. "चुलती, इकडं या. आधार कार्ड हाय का?"

पुतळाबाईंनी कमरेच्या पिशवीतून प्लॅस्टिकात गुंडाळलेलं कार्ड काढलं आणि टेबलासमोर येऊन बसल्या.

"आजी, घर देणाऱ्यांना ओळखता?"

"नागडा असल्यापास्नं," पुतळाबाई म्हणाल्या. सर्जेरावांनी मान खाली घातली.

"आणि घेणाऱ्यांना?"

माया पदराच्या टोकाशी चाळा करत होती. सतीशची नजर सवयीने चपलांकडे गेली. आता पुन्हा पूर्ण नाव, आणि पुन्हा ते 'हं'.

"ह्यांना? न वळखायला काय झालं! ह्यो बाप्या भिताडावर फुल्या मारतुय, गावाला येडं करतुय, दुपारच्याला ठोकून माझी झोप मोडतुय. बाई बरी हाय, पर कुणाचं ऐकत न्हाई."

"कोण लागतात तुमचे?" कारकुनाने विचारलं.

"कोन म्हंजी? शेजारी हायेत आमचे. भिंतीला भिंत हाय."

कारकुनाने लिहून घेतलं. अंगठा काही उमटेना. साठ वर्षांच्या खुरपणीत रेषा झिजून गेल्या होत्या. तिसऱ्या वेळी मायाने पुढे होऊन तो हात आपल्या हातात घेतला, अंगठा पदराने स्वच्छ पुसला आणि यंत्रावर दाबून धरला. तिने हात धरला होता तेवढ्यात पुतळाबाई म्हणाल्या, "आन् एक आत्ताच सांगून ठेवते. नळाला पानी सकाळी सहाला येतंय. पयली मोटर माझी लागंल. तुजी मागनं."

"असं कसं मावशी?" माया म्हणाली. "एक दिवस तुम्ही, एक दिवस मी."

"तू कालची आलेली! मला शिकवती?"

"कालची असले तरी घर माझं आहे आता."

"ओ बाई, भांडण बाहेर," कारकून म्हणाला. अंगठा उमटला होता.

दोघी भांडत भांडत बाहेर गेल्या. सतीश खुर्चीत बसून राहिला. कारेगावात अकरा वर्षांत पाण्यावरून मायाशी कुणी भांडलं नव्हतं. भाडेकरूशी कोण भांडत बसतं, त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगतात. त्याचे डोळे भरून आले आणि समोरची अक्षरं दिसेनात.

"इथं सही करा," कारकून बोट ठेवून म्हणाला.

बाहेरून मायाचा आवाज येत होता. "तुमची मोटर सव्वासहापर्यंत म्हणजे सव्वासहापर्यंत मावशी, एक मिनिट वर नाही!"

सतीशने सही केली.